जपानी शाळेत फिलिपिनो बाई कशा काय? जरा मागचं सांगतो

आम्ही तोक्योजवळ साइतामात राहतो, मुलगी चौथीत आहे. इथल्या शाळेत वर्षातून दोनतीनदा जुग्यो सानकान असतं, म्हणजे आईबापांनी वर्गात मागच्या भिंतीला टेकून उभं राहायचं आणि चालू तास बघायचा, बूट खाली ठेवून घरून पिशवीत आणलेल्या स्लिपर्स घालायच्या, आणि काही झालं तरी मुलाला हात करायचा नाही. त्या दिवशी इंग्रजीचा तास होता, लेट्स ट्राय नावाचं पुस्तक असतं त्यातला किती वाजले हा धडा, आणि शिकवायला होत्या फिलिपिन्सच्या इलोइलोकडच्या एक बाई. हातात पुठ्ठ्याचं घड्याळ, काटा साडेसातवर. पोरं ओरडली "सेबुन साआती". बाईंनी जीभ दातांत धरून दाखवली, थर्टी, परत थर्टी, एकेका बाकाजवळ जाऊन थर्टी. निम्म्या वर्गाला जमलं.

शेजारच्या पालकबाई माझ्या कानाशी हळूच म्हणाल्या, ह्या नेटिव्ह नाहीत ना? आता मी साताऱ्याकडच्या झेडपी शाळेत पाचवीला एबीसीडी गिरवलेला माणूस, मी काय बोलणार. पण प्रश्न डोक्यात राहिला. फॅक्टरीत, हॉस्पिटलात फिलिपिनो दिसतात ते समजतं, इथे ३ लाख २० हजारांच्या वर फिलिपिनो लोक आहेत, पण इंग्रजी शिकवायला जपानने तिथून माणसं का आणावी आणि आणल्यावर परत नेटिव्ह नाहीत म्हणून नाक का मुरडावं, हे सगळं कुठून सुरू झालं ते बघायला गेलो तर थेट सव्वाशे वर्षं मागे जावं लागलं.

१८९८ साली स्पेन अमेरिकेशी युद्ध हरला आणि पॅरिसच्या तहात २ कोटी डॉलर घेऊन फिलिपिन्स अमेरिकेच्या ताब्यात दिला. फिलिपिनो लोकांनी स्वातंत्र्य जाहीर करून ठेवलं होतं, त्यांना कोणी विचारलंच नाही, त्यामुळे पुढची काही वर्षं रक्तपात. आणि तो चालू असतानाच अमेरिकेने शाळा काढल्या. सुरुवातीला सैनिकच शिकवत होते, मग १९०१ च्या ऑगस्टमध्ये थॉमस नावाच्या जहाजातून पाचेकशे अमेरिकन मास्तर-मास्तरणी मनिलात उतरल्या, जहाजावरून त्यांना थॉमसाइट्स हेच नाव पडलं. त्याच साली कायदा करून सरकारी शाळांची भाषा इंग्रजी ठरली, तीही पहिलीपासून. आपल्याकडे मेकॉलेचं इंग्रजी शिक्षणाचं धोरण १८३५ मध्ये आलं तरी इंग्रजी वरच्या मूठभर लोकांचीच राहिली, गावातला पोरगा मराठीतच बाराखडी शिकला. तिकडे तसं नाही, तिकडे कोळ्याचा पोरगा पण इंग्रजीतच पहिला धडा वाचायचा, घरी इलोंगो नाहीतर सेबुआनो बोलत असला तरी. वीसेक वर्षांत बहुतेक मास्तर फिलिपिनोच झाले, आणि तेव्हापासून पिढ्यानपिढ्या फिलिपिनो माणूस फिलिपिनो मुलांना इंग्रजी शिकवतोय. म्हणजे आमच्या बाई काही हौस म्हणून इंग्रजी शिकलेल्या नाहीत, त्यांच्या आजीची शाळाच त्या भाषेत होती.

आता जपानशी ह्याचा संबंध कुठे येतो? आर्तेमिओ रिकार्ते म्हणून एक फिलिपिनो जनरल होता. अमेरिकनांनी पकडून ग्वाम बेटावर पाठवला, परत आला तेव्हा तुरुंगात टाकला, १९१० ला सोडताना म्हणाले अमेरिकेच्या निष्ठेची शपथ घे, हा म्हणाला घेत नाही. मग हद्दपार, हाँगकाँग, आणि तिथून जपान. योकोहामात बायकोबरोबर छोटंसं खाणावळीवजा दुकान चालवायचा आणि तोक्योतल्या एका शाळेत स्पॅनिश शिकवायचा! म्हणजे जपानमध्ये शिकवून पोट भरणारा जुन्या काळातला हा फिलिपिनो मास्तर, अमेरिकेची शपथ घ्यायची नाही म्हणून देश सोडला आणि शिकवली कुठली भाषा तर त्याआधीच्या मालकाची. योकोहामाच्या यामाशिता पार्कमध्ये त्याचं स्मारक आहे, तिथे आइस्क्रीम खात फिरणाऱ्या किती जणांना माहीत असेल कोण जाणे.

त्याच काळात, १९२०-३० च्या दशकात, दुसरे फिलिपिनो जपानमध्ये येत होते ते वाजवणारे. जहाजांवर, हॉटेलात, डान्स हॉलमध्ये जॅझ बँडमध्ये फिलिपिनो असायचेच, आणि जपानी पोरं त्यांच्याकडून अमेरिकन संगीत उचलायची. मला तर इथेच सगळ्याची किल्ली दिसते. अमेरिकेची वस्तू हवी, पण अमेरिका लांब आणि महाग, मनिला जवळ आणि स्वस्त. संगीत असो की भाषा, जपानने शंभर वर्षं अमेरिका मनिलामार्गे घेतली, आणि दरवेळी मनात एक शंका ठेवली की हा माल ओरिजिनल आहे का.

मध्ये युद्ध आलं. जानेवारी १९४२ मध्ये जपानी सैन्य मनिलात शिरलं, शाळा बंद झाल्या, परत उघडल्या तेव्हा पाठ्यपुस्तकातले अमेरिकेचे उल्लेख झाकलेले आणि वेळापत्रकात निप्पोन्गो म्हणजे जपानी भाषेचा तास. इंग्रजी हळूहळू काढून टाकायची हा हेतू उघडच होता. (म्हातारा रिकार्ते जपान्यांबरोबरच परत गेला आणि १९४५ मध्ये डोंगरात मेला, ती वेगळीच शोकांतिका.) १९४५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मनिलाच्या लढाईत लाखभर नागरिक मेले. ज्या जपानने तिथल्या वर्गातून इंग्रजी घालवायला बघितली त्याच जपानच्या वर्गात आता तिथल्या बाई थर्टी म्हणायला शिकवतात, हे मी बाईंना एकदा बोललो तर त्या नुसत्या हसल्या, म्हणाल्या लोला (म्हणजे आजी) त्या दिवसांबद्दल कधी बोलायची नाही.

पुढचं पटापट सांगतो. १९५६ मध्ये ५५ कोटी डॉलरच्या भरपाईचा करार झाला, संबंध जुळले. १९७४ मध्ये तिथला अध्यक्ष मार्कोसने लेबर कोड म्हणजे कामगार कायदा आणला आणि माणसं परदेशी पाठवणं हे सरकारचं धोरणच झालं. ८० च्या दशकात जपानमध्ये पैसा वाहत होता, फिलिपिनो मुली एंटरटेनर व्हिसावर यायला लागल्या, म्हणजे कागदोपत्री गायिका-नर्तकी आणि प्रत्यक्षात बऱ्याच जणी बारमध्ये. त्यांना जापायुकी म्हणायचे, आणि तो शब्द दोन्ही देशांत शिवीसारखा वापरला गेला. दुसरीकडे खेड्यात शेतकऱ्यांना बायका मिळेनात म्हणून १९८५ मध्ये यामागाता प्रांतातल्या आसाही गावाने तर सरकारी पुढाकाराने फिलिपिनो मुलींशी लग्नं लावून दिली. २००४ पर्यंत वर्षाला ८० हजारांवर लोक एंटरटेनर व्हिसावर येत होते. त्या वर्षी अमेरिकेच्या मानवी तस्करीच्या अहवालात जपान वॉच लिस्टवर आला, आणि २००५ मध्ये जपानने नियम इतके आवळले की तो दरवाजा जवळजवळ बंदच झाला.

पण ज्या आधीच आल्या होत्या, लग्न करून राहिल्या होत्या, पोरं इथल्या शाळेत जात होती, त्यांचं काय? बऱ्याच जणी शिकलेल्या, कोणी बी.एड. सारखी डिग्री असलेल्या, आणि इथे रात्रपाळीला डबे भरण्याच्या कारखान्यात. त्यांच्याकडे एक गोष्ट होती जी शेजारणीकडे नव्हती, इंग्रजी. मग घरातल्याच खोलीत शेजारची चार पोरं, मग पाळणाघरात गाणी, मग फिलिपिनो बायकांनीच एकमेकींसाठी चालवलेले ट्रेनिंग कोर्स, मग शाळा. मला ह्या सगळ्या इतिहासातला हा भाग सगळ्यात भारी वाटतो. ज्यांच्याकडे बघून लोक बार म्हणायचे त्यांना त्याच गावातली पोरं सेन्सेई (मास्तरांना मानाने म्हणतात ते) म्हणायला लागली. सेन्सेई हा शब्द इथे साधा नाही.

आणि नेमकी त्याच वेळी शाळांना माणसं हवी होती. जपानमध्ये इंग्रजी म्हणजे पूर्वी सातवीपासून, व्याकरण आणि भाषांतर, तोंड उघडायचं कामच नाही. १९८७ मध्ये जेट प्रोग्राम आला, म्हणजे परदेशी तरुणांना शाळांत आणायची सरकारी योजना, अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड ह्या चार देशांतून ८४८ तरुण आणले (तेव्हा अमेरिकेशी व्यापारावरून भांडण पेटलेलं, तोही हेतू होताच). त्यांना म्हणायचं एएलटी, म्हणजे मुख्य शिक्षकाच्या बाजूला उभा राहणारा सहाय्यक. जेटमध्ये फिलिपिनो घ्यायला लागले ते फार नंतर, गेल्या दशकात. पण खरी मागणी वाढली ती प्राथमिक शाळेमुळे. २०११ पासून पाचवी-सहावीला इंग्रजी सक्तीचं, २०२० पासून तिसरी-चौथीला आठवड्याला एक तास आणि पाचवी-सहावीला मार्क असलेला पूर्ण विषय. आणि प्राथमिकच्या जपानी शिक्षकाला गणितापासून पोहण्यापर्यंत सगळं एकट्यालाच शिकवायचं असतं, त्यात इंग्रजी म्हटल्यावर बिचारा घामाघूम. सगळ्या गावांना जेटची माणसं परवडत नाहीत किंवा सांभाळता येत नाहीत, मग नगरपालिका टेंडर काढते, कंपनी माणूस पुरवते, जी कमी पैसे लावेल तिला काम. कमी पैशात डिग्रीवाला, पोरांना सांभाळू शकणारा, इंग्रजी बोलणारा माणूस कुठे मिळणार? उत्तर चारपाच तासांच्या विमानप्रवासावर.

व्हिसाचा पण एक गंमतशीर नियम आहे. शाळेत भाषा शिकवायच्या व्हिसासाठी त्या भाषेत किमान १२ वर्षं शिक्षण झालेलं लागतं. नेटिव्ह असा कुठे शब्द नाही, वर्षं मोजायची. फिलिपिन्समध्ये २०१३ चा कायदा येईपर्यंत शाळा दहाच वर्षांची होती, पण वर चार वर्षं कॉलेज, झाली १४, फक्त प्रत्येक शाळा-कॉलेजकडून 'शिक्षणाचं माध्यम इंग्रजी होतं' असं लिहून आणायचं. बाईंना त्यासाठी गावच्या प्राथमिक शाळेत जावं लागलं, जिथे हेडमास्तरीणबाई त्यांच्याच वर्गमैत्रीण निघाल्या. तरी थॉमसाइट्सचा शिक्का १२० वर्षांनी व्हिसाच्या फाइलीत कामाला आला असं म्हणायला हरकत नाही.

पैशाचं गणित सरळ आहे. तिथल्या सरकारी शाळेत नव्या शिक्षकाला २०२३ मध्ये महिना २७ हजार पेसोच्या आसपास, म्हणजे साधारण ६५-७० हजार येन, वर्गात पन्नास पोरं आणि वर निवडणुकीची ड्युटी (हे वाचून आपल्याकडचे झेडपीवाले हसतील). इथे कंपनीच्या एएलटीला दोन लाख येनच्या जरा वर. पण त्यातली मेख अशी की बाईंच्या आधीच्या कंपनीत ऑगस्टमध्ये शाळेला सुट्टी म्हणून पगार कापायचे आणि तास असे बसवायचे की कंपनीला विमा भरायला लागू नये. आणि ग्योमु इताकु नावाचा करार असेल, म्हणजे शिकवण्याचं कामच कंपनीला कंत्राटाने दिलेलं, तर अजून मजा. त्यात कायद्याने शाळेने बाईंना थेट सूचना द्यायची नसते, दिली तर ते लपवाछपवीचं कंत्राट ठरतं. म्हणजे एकाच वर्गात शेजारी उभ्या असलेल्या जपानी शिक्षिकेने बाईंना 'जरा हळू बोला' हे सांगायचं तर नियमाने कंपनीमार्फत सांगायचं! बाई म्हणाल्या, आम्ही डोळ्यांनी बोलतो.

बाकी संस्कृतीचं म्हणाल तर त्यांना जड गेलं ते अपेक्षेपेक्षा वेगळंच. पोरं स्वतः वर्ग झाडतात, जेवण वाढतात, हे त्यांना आवडलं. नमस्कार, मोठ्यांचा मान, ह्यात अडचण नव्हती, त्यांच्याकडे वाक्याला पो लावून बोलतात आणि मोठ्यांचा हात कपाळाला लावतात. पण तिकडे वर्गात शिरलं की पन्नास पोरं उभी राहून सुरात गुड मॉर्निंग मॅम (आपल्यासारखंच अगदी), आणि इथे स्टाफरूममध्ये संध्याकाळी पाच वाजता कोणी उठेना, निघताना ओत्सुकारेसामा (कामाच्या कष्टांबद्दल आभार अशा अर्थाचं) म्हणायचं ते कितव्या पट्टीत म्हणायचं हेच कळेना. मधल्या वेळेला मेरिएंदा नाही, म्हणजे चारच्या सुमाराला सगळ्यांनी मिळून काहीतरी खाणं, ते नाही. पहिल्या वर्षी त्यांनी घरून केळ्याचे तळलेले तुरोन करून स्टाफरूममध्ये नेले, सगळ्यांनी खूप छान म्हणून एकेक घेतला, नॅपकिनमध्ये गुंडाळला आणि टेबलावर ठेवला. दुसऱ्या वर्षी एक वयस्कर शिक्षक येऊन म्हणाले, यंदा ते नाही का आणलं?

ज्यांना यायचं नाही किंवा जमत नाही ते तिथूनच शिकवतात. २००७ मध्ये रेअरजॉब ही ऑनलाइन इंग्रजी शिकवणारी कंपनी निघाली, मग डीएमएम वगैरे, २५ मिनिटांचा तास, जपानी माणूस ऑफिसमधून आल्यावर आणि फिलिपिनो शिक्षक आपल्या घरात पंखा लावून. दोन देशांत घड्याळाचा फरक एकाच तासाचा. अमेरिकन माणूस तेव्हा झोपेतून उठत असतो, त्यामुळे इथे स्वस्त-महागच्या आधी भूगोलानेच काम केलंय. बाईंची धाकटी बहीण हेच करते आणि म्हणते मला बर्फात सायकल चालवायची नाहीये.

नेटिव्हचं भूत मात्र जाईल तेव्हा जाईल. बदल होतच नाही असं नाही, आपले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये तोक्योतल्या एदोगावाचे नगरसेवक झाले आणि २०२३ मध्ये इबाराकीतल्या त्सुचिउराच्या सरकारी हायस्कूलचे प्राचार्य, पण ते जपानी नागरिकत्व घेऊन. एएलटीला तो रस्ता सहसा मिळत नाही, तो कितीही वर्षं राहिला तरी बहुतेकदा सहाय्यकच.

आमच्याकडे यंदा फेब्रुवारीत परत टेंडर निघालंय. कंपनी बदलली तर बाईंना नवीन करार, कदाचित हीच शाळा, कदाचित दीड तास लांबची, मार्चच्या शेवटी कळतं आणि एप्रिलमध्ये नवीन वर्ष सुरू. परवा सुपरमार्केटमध्ये भेटल्या, मी विचारलं पुढच्या वर्षी आहात ना, तर म्हणाल्या माहीत नाही, शाळेतले आतले बूट घरी आणून ठेवलेत. पोरगीने मध्येच त्यांच्या हातातल्या घड्याळाकडे बघून "इट्स सिक्स थर्टी" म्हटलं. सहा पस्तीस झाले होते, पण थर्टी बरोबर होतं.