आकारिक मूल्यमापन आणि संकलित मूल्यमापन

नाशिकमध्ये सत्राअखेर पालकांच्या हाती जे प्रगतिपुस्तक पडते, त्यातील ‘आकारिक’ आणि ‘संकलित’ हे रकाने बहुतेक घरांत छोटी परीक्षा आणि मोठी परीक्षा असेच वाचले जातात. शिकणे चालू असताना मुलाचे कुठे अडते ते पाहून शिकवणे बदलायचे, हे आकारिक. सत्र संपल्यावर किती आले ते मोजायचे, हे संकलित. राज्याने २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू केले, तेव्हा आकारिकासाठी दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प अशी साधने दिली आणि चाचणी हे त्यांपैकी केवळ एक होते. त्या योजनेत आकारिकाचा भार पहिली-दुसरीला ७० टक्के, तर सातवी-आठवीला ४० टक्के होता. कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षणाचे मूल्यमापन मात्र संपूर्ण आकारिक ठेवले.

समजा, सहावीतील एका मुलीने रामकुंडाचे चित्र काढताना देवळाचा आणि पाण्यातील प्रतिबिंबाचा रंग सारखाच दाट लावला. शिक्षकांनी ते त्याच तासाला हेरून नोंदवले आणि रंगात पाणी वाढवून तिच्याकडून प्रतिबिंब पुन्हा करून घेतले, तर ते आकारिक मूल्यमापन झाले. सत्राअखेर तयार यादीतील ‘चित्रात आवडीने रंग भरते’ हे वाक्य तिच्या नावापुढे उतरवले, तर ती निव्वळ कारकुनी होय (अशा याद्या सर्रास फिरतात).

राज्यस्तरीय नियतकालिक मूल्यांकन चाचणी प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी एवढ्याच विषयांची असते. वाचनात मागे पडलेले मूल वेळीच सापडावे यासाठी ती उपयोगी आहे, याबद्दल दुमत नाही; परंतु ज्या विषयांचे गुण वर कळवावे लागतात त्यांनाच वेळापत्रकात वजन येते, आणि चाचणी जवळ आली की चित्रकलेचा तास गणिताच्या सरांकडे जातो.

याउलट, शासकीय रेखाकला परीक्षा ही कलेची असली तरी संकलितच आहे. तिच्या इंटरमिजिएट या वरच्या टप्प्यातील श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळत असल्याने तिच्यासाठी सुट्टीतही वर्ग भरतात, मात्र तेथे संकल्पचित्राचा एखादा ठरलेला आराखडा पुन्हा पुन्हा गिरवून तोच पेपरात उतरवण्याचा मोह मोठा असतो. म्हणून पाल्याची श्रेणी पाहताना पालकांनी शिक्षकांकडे कलेची नोंदवही मागावी आणि त्या नोंदीत एखाद्या विशिष्ट चित्राचा उल्लेख आहे का, ते पाहावे.