शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणारं तंत्रज्ञान

वर्गात डिजिटल फळा बसवला की पहिली तपासणी शेवटच्या बाकावर बसून करावी. निरोगी डोळ्याला अक्षर ओळखता यावं यासाठी त्याने डोळ्याशी निदान एका अंशाच्या बाराव्या भागाइतका कोन करावा लागतो. ९ मीटरवरून हा हिशेब १३ मिलिमीटर उंचीच्या अक्षराचा होतो. पण हे जेमतेम ओळखण्यापुरतं झालं. वहीत उतरवून घेत, डोळे न ताणता वाचायचं तर त्याच्या तिप्पट, म्हणजे ४ सेंटिमीटरचं अक्षर हवं. ७५ इंची पडद्याची उंची साधारण ९३ सेंटिमीटर असते. देवनागरीत वर वेलांट्या-मात्रा, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय, म्हणून एका ओळीला नऊ-दहा सेंटिमीटर जातात. थोडक्यात, पडद्यावर दहाच ओळी. पुस्तकाचं पान जसंच्या तसं टाकलं, तर मागच्या रांगांना ते नुसतं राखाडी दिसतं.

प्रोजेक्टर असेल तर दुसरी अडचण येते. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. भिंत जितकी उजळ, तितकाच त्याचा ‘काळा’ उजळ. प्रोजेक्टरचा एकूण प्रकाश ल्युमेनमध्ये मोजतात, आणि दर चौरस मीटरला पडणारे ल्युमेन म्हणजे लक्स. ३००० ल्युमेनचा प्रकाश ३ चौरस मीटर पडद्यावर पसरला की १००० लक्स मिळतात. खोलीतला ३०० लक्स उजेडही त्याच पडद्यावर पडत असेल, तर पांढरा आणि काळा यांचं प्रमाण १३०० ला ३००, म्हणजे जेमतेम चारपट. पडद्याजवळची तेवढी ट्यूब बंद करून हा उजेड ५० लक्सवर आणला, तर तेच प्रमाण एकवीसपट होतं. त्यासाठी सगळ्या खिडक्या बंद करून वर्ग अंधारा आणि कोंदट करण्याची गरज नाही.

स्पर्शावर चालणाऱ्या फळ्यांपैकी बऱ्याच फळ्यांच्या चौकटीत अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या) किरणांचे बारीक दिवे असतात आणि समोरच्या कडेला ते किरण टिपणारे संवेदक. बोटाने आडवे-उभे किरण अडवले की त्या छेदावर स्पर्श नोंदला जातो. म्हणूनच बाही टेकली तरी रेघ उमटते, आणि खडूची भुकटी चौकटीच्या खाचेत साचली की फळा ‘आपोआप’ क्लिक करत सुटतो. दुरुस्ती करणाऱ्याला बोलावण्याआधी फळा बंद करून कोरड्या मऊ ब्रशने खाच झाडून पाहावी, विशेषतः खालची. तिथे सर्वांत जास्त भुकटी बसते. डिजिटल फळ्याला खेटून खडूचा फळा ठेवणं हाच मुळात वाईट बेत आहे.

हे सगळं नीट जमलं तरी पडदा एकाच दिशेने बोलतो. मुलांना काय कळलं, ते शिक्षकापर्यंत परत येत नाही. ‘समजलं का?’ला सगळा वर्ग ‘हो’ म्हणतो, आणि हात वर करतात ती नेहमीचीच चार मुलं. उत्तर परत आणण्याची ही वाट तयार करणं हा वर्गातल्या तंत्रज्ञानाचा सर्वांत मोलाचा उपयोग, आणि त्याला खर्चही सर्वांत कमी.

साधन म्हणजे छापील कार्डं आणि शिक्षकाचा एक मोबाइल. प्रत्येक कार्डावर वेगळी काळी-पांढरी चौकोनी नक्षी असते आणि ती हजेरी क्रमांकाशी जोडलेली असते. कार्डाच्या चार बाजूंना बारीक अक्षरांत चार पर्याय. आपलं उत्तर वरच्या बाजूला येईल असं कार्ड मूल धरतं, कॅमेरा वर्गावरून फिरतो आणि अॅप नक्षीवरून मूल व तिच्या दिशेवरून उत्तर ओळखतं. नक्ष्या वेगवेगळ्या असल्यामुळे शेजाऱ्याचं पाहून काही कळत नाही.

घोटाळे ठरलेले आहेत. बोट नक्षीवर येतं. चकचकीत लॅमिनेशनवर दिवा चमकतो, म्हणून मॅट कागदच बरा. आकारही मोजून घ्यावा: कॅमेऱ्याच्या चौकटीत १० मीटर रुंदी मावत असेल आणि चित्र १९२० पिक्सेलचं असेल, तर १० सेंटिमीटरच्या कार्डाला जेमतेम १९ पिक्सेल येतात. नक्षीत एका ओळीत पाच घरं धरली तर घराला चारही नाहीत. कार्ड १५ सेंटिमीटरचं करावं, नाहीतर मागच्या रांगांसाठी चार पावलं पुढे जावं.

खरं कसब प्रश्नात आहे. दशांश अपूर्णांक शिकवल्यावर ‘०.३७५, ०.५२, ०.६ यांत मोठी संख्या कोणती?’ असं विचारलं, तर ०.६ हे बरोबर उत्तर दोन प्रकारची मुलं देतील: ज्यांना कळलंय ती, आणि ‘अंक कमी म्हणजे संख्या मोठी’ असा उलटा समज करून बसलेली. शेवटचा पर्याय बदलून ०.३ करा. आता बरोबर उत्तर ०.५२. ०.३७५ निवडणारं मूल लांबी पाहतंय, ०.३ निवडणारं उलटा समज धरून बसलंय. एकाच प्रश्नात दोन वेगळी दुखणी वेगळी दिसतात आणि दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. चौथा पर्याय ‘माहीत नाही’ ठेवावा; अंदाजपंचे उत्तरं कमी होतात.

पुढे काय करायचं याचा आडाखा हार्वर्डचे भौतिकशास्त्रज्ञ एरिक माझूर यांच्या पद्धतीतून मिळतो. ही पद्धत त्यांनी १९९१ पासून वापरायला सुरुवात केली. बरोबर उत्तरं साधारण ३० टक्क्यांहून कमी असतील तर पुन्हा शिकवायचं, ७० च्या वर असतील तर थोडक्यात सांगून पुढे जायचं. मधल्या पट्ट्यात मुलांनी शेजाऱ्याला आपलं उत्तर पटवून द्यायचं आणि मग पुन्हा मतदान. या चर्चेआधी कोणत्या पर्यायाला किती मतं पडली याचा आलेख पडद्यावर दाखवू नये; उंच खांब दिसला की मुलं विचार सोडून त्याच्यामागे जातात. नावं तर कधीच दाखवू नयेत, आणि गुणही लावू नयेत. गुण आले की कार्डं शेजाऱ्याला विचारून फिरू लागतात.

विचारण्याचा फायदा तपासण्यापुरता नाही. मानसशास्त्रज्ञ हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांच्या २००६ मधल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी वाचलेलं आठवून लिहिलं. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, ८१ टक्क्यांना ७५. आठवड्याने पारडं फिरलं: वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ५६. म्हणून आजच्या तासाला विचारलेला प्रश्न, आकडे बदलून, पुढच्या आठवड्यातही यायला हवा.

प्रत्येक मुलाला टॅबलेट दिला तर हेच काम होतं, पण वाय-फायवर ताण येतो. एका चॅनेलवर, म्हणजे वाय-फायच्या एका रेडिओ-वाटेवर, एका वेळी सहसा एकच उपकरण बोलू शकतं. चाळीस मुलांनी ३ एमबीपीएसचा (सेकंदाला ३ मेगाबिट लागणारा) व्हिडिओ एकदम सुरू केला तर १२० एमबीपीएस लागतात, आणि २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांत न मिसळणारी चॅनेलं सहसा तीनच वापरता येतात: १, ६ आणि ११. व्हिडिओ आधी उतरवून ठेवावेत, नेटवर्क उत्तरांसाठी राखावं. ती अगदी हलकी असतात.

वीज गेली किंवा मोबाइल बंद पडला तर मुलांना डोळे मिटायला सांगून छातीशी एक ते चार बोटं धरायला लावावीत. नोंद राहत नाही, पण पुन्हा शिकवायचं की पुढे जायचं, एवढं दहा सेकंदांत कळतं.