चॅटनूगा एफसी वेगळा, चॅटनूगा रेड वुल्व्ज वेगळा

टेनेसी राज्यातलं चॅटनूगा, 2020 च्या जनगणनेत वस्ती 1 लाख 81 हजारांच्या आसपास, म्हणजे अमेरिकेच्या हिशोबाने मध्यम शहर, आणि एवढ्या गावात प्रोफेशनल सॉकर क्लब दोन आहेत. दोघांच्या नावात चॅटनूगा, दोघंही तिसऱ्या डिव्हिजनमध्ये, म्हणजे वरून तिसऱ्या पायरीवर, आणि मॅचेसही साधारण त्याच महिन्यांत, मग घोळ होणारच ना. फोक्सवॅगनचा चाकणला प्लांट आहे तसाच 2011 पासून चॅटनूगातही आहे, त्यामुळे कामानिमित्त तिकडे जाणारी आपली माणसंही असतात आणि शनिवारी संध्याकाळी मॅच बघू म्हणून फोनवर "चॅटनूगा सॉकर" टाकलं की दोन स्टेडियम येतात, एक डाउनटाउनजवळ आणि दुसरं पार जॉर्जिया राज्याच्या सीमेवर. तेव्हा कोण कुठला ते नीटच सांगते, कारण हा फरक फक्त निळ्या आणि लाल जर्सीचा नाहीये.

निळी जर्सी म्हणजे चॅटनूगा एफसी. हा जुना. 2009 साली गावातल्याच काही जणांनी मिळून सुरू केला, त्यातले एक टिम केली, जे पुढे 2021 मध्ये शहराचे मेयर झाले. सुरुवातीला क्लब एनपीएसएल नावाच्या हौशी लीगमध्ये होता, म्हणजे उन्हाळ्यात कॉलेजला सुट्टी लागली की पोरं येऊन खेळायची, पगार वगैरे काही नाही, कारण पगार घेतला तर कॉलेजच्या टीममधून बाद. अशा लीगमध्ये बाकीच्या गावांत मॅचला काहीशे माणसं आली तरी लोक खूश असतात. चॅटनूगात हजारोंनी यायला लागले. त्यांचा सपोर्टर्स ग्रुप आहे, चॅटहूलिगन्स, ढोल आणि गाण्यांसकट 90 मिनिटं उभे, आणि हे सगळं कुठल्या जाहिरात कंपनीने न घडवता आपोआप वाढलं.

क्लब चार वेळा या लीगच्या फायनलला गेला, 2010, 2012, 2014 आणि 2015, आणि चारही वेळा हरला. पण 2015 ची फायनल बघा, घरच्या फिनली स्टेडियमवर, समोर न्यूयॉर्क कॉसमॉसची बी टीम, एक्स्ट्रा टाइममध्ये 3-2 ने हार, आणि बघायला आलेले लोक 18,227. हौशी मॅचला! चौथ्या पायरीवरच्या, पगार नसलेल्या पोरांच्या मॅचला अठरा हजार माणूस, हा आकडा मला आजही कुठल्याही ट्रॉफीपेक्षा मोठा वाटतो. त्याच ऑगस्टमध्ये नुकताच वर्ल्ड कप जिंकलेला अमेरिकेचा महिला संघ फिनलीवर कोस्टा रिकाशी खेळला, 7-2 ने जिंकला, त्यालाही 20 हजारांवर गर्दी. म्हणजे हे गाव सॉकर बघतं हे सगळ्या देशाला कळलं, आणि एकदा कळलं की धंदेवाल्यांनाही कळतं.

आता लाल जर्सी. चॅटनूगा रेड वुल्व्ज एससी. 2018 च्या ऑगस्टमध्ये जाहीर झाला, 2019 मध्ये पहिली मॅच. यूएसएल ही कंपनी तेव्हा तिसऱ्या डिव्हिजनची नवी लीग काढत होती, यूएसएल लीग वन, दहा टीमांची, आणि त्यांना गावं हवी होती. मालक बॉब मार्टिनो, यूटाहचे, रिअल इस्टेटवाले. अमेरिकेत नवा क्लब बहुतेक असाच जन्माला येतो, मालक लीगला फी भरतो, लीग त्याला शहर देते, मग नाव, लोगो, कोच, खेळाडू. यात बेकायदा काहीच नाही, पण गाव रिकामं नव्हतं ना, तिथे नऊ वर्षं एक क्लब खेळत होता. त्यात परत नव्या क्लबचं काम बघायला आले ते शॉन मॅकडॅनियल, जे त्याआधी चॅटनूगा एफसीचेच जनरल मॅनेजर होते. निळ्या लोकांना हे किती लागलं असेल ते वेगळं सांगायला नको. आजही तिथल्या जुन्या फॅनसमोर रेड वुल्व्जना "चॅटनूगाची टीम" म्हणालात तर चेहरा बदलतो.

त्यावर निळ्यांनी जे केलं तिथे दोन्ही क्लबमधला खरा फरक आहे. 2019 च्या सुरुवातीला चॅटनूगा एफसीने आपले शेअर सामान्य लोकांना विकायला काढले, 125 डॉलरला एक, आणि गावातल्याच नाही तर बाहेरच्या देशांतल्या लोकांनीही घेतले. इथे एक गैरसमज मात्र काढते, कारण खूप जण लिहितात की हा क्लब "फॅन्सच्या मालकीचा" आहे, तर ते अर्धंच खरं आहे. अमेरिकन सॉकर फेडरेशनचा नियमच असा आहे की तिसऱ्या डिव्हिजनच्या क्लबला एक मुख्य मालक लागतो, त्याच्याकडे निदान 35 टक्के हिस्सा हवा आणि त्याची स्वतःची संपत्ती किमान 1 कोटी डॉलर हवी. म्हणजे गावाने पै पै जमवून सगळाच्या सगळा क्लब विकत घेतला तरी प्रोफेशनल लीगमध्ये प्रवेश नाही, एक श्रीमंत माणूस वर पाहिजेच. हा नियम मला अजिबात पटत नाही. क्लब बुडू नये म्हणून आहे म्हणतात, पण श्रीमंत मालक असलेलेही क्लब तिथे धडाधड बंद पडतात, रेड वुल्व्जबरोबर त्याच लीगमध्ये सुरू झालेला लॅन्सिंग इग्नाइट तर एकच सीझन खेळून संपला.

तर चॅटनूगा एफसीत फॅन्सचा वाटा आहे पण पूर्ण क्लब नाही, आणि रेड वुल्व्ज हा सरळसरळ मालकाचा क्लब. एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

शेअर विकून झाल्यावर निळे 2020 मध्ये निसा नावाच्या लीगमधून प्रोफेशनल झाले, पण ती लीगच डळमळीत होती, टीमा येत होत्या जात होत्या, शेवटी 2024 मध्ये ते एमएलएस नेक्स्ट प्रो मध्ये गेले. आणि इथे दुसरा घोळ होतो. एमएलएस ही अमेरिकेची सगळ्यात वरची लीग, तिचं नाव आहे म्हणून लोकांना वाटतं की चॅटनूगा एफसी मोठ्या लीगमध्ये, मेस्सीच्या लीगमध्ये पोचला. नाही हो. नेक्स्ट प्रो म्हणजे मुख्यतः एमएलएस क्लबांच्या दुसऱ्या टीमांची लीग, तिथे मेस्सीची इंटर मायामी येत नाही, इंटर मायामीची दुसरी टीम येते, अटलांटा युनायटेडचीही दुसरी टीम, आणि त्या वीस-एकवीस वर्षांच्या पोरांचं लक्ष वरच्या टीममध्ये कधी बोलावणं येतं याकडे. चॅटनूगासारखे कुणाचीच शाखा नसलेले क्लब तिथे मोजकेच. शिवाय मॅच बरोबरीत सुटली की लगेच पेनल्टी शूटआउट होतं आणि जिंकणाऱ्याला एक जादा पॉइंट, जे पहिल्यांदा बघणाऱ्याला चमत्कारिक वाटतं पण पैसे वसूल होतात.

रेड वुल्व्ज मात्र अजून यूएसएल लीग वन मध्येच आहेत, आणि तिथे आता समोर बहुतेक खऱ्याखुऱ्या गावांचे क्लब असतात, ग्रीनव्हिल, रिचमंड, मॅडिसन, ओमाहा, आणि टेनेसीतलंच नॉक्सव्हिल, जे हायवेने दोनेक तासांवर आहे, म्हणजे पाहुण्यांचे फॅनही येतात. 2022 ला रेड वुल्व्ज फायनलला पोचले, साउथ जॉर्जिया टॉर्मेंटाकडून 2-1 ने हरले. फुटबॉल म्हणून, समोर कोण खेळतंय त्या हिशोबाने, मला ही लीग जास्त आवडते, आणि हे मी मनाने निळी असूनही म्हणते.

स्टेडियमचंही तसंच. निळे फिनलीवर खेळतात, डाउनटाउनच्या दक्षिणेला, वीस हजारांचं, पण ते मुळात अमेरिकन फुटबॉलसाठी बांधलेलं, तिथल्या युनिव्हर्सिटीची टीम तिथेच खेळते, आणि तीन-चार हजार माणसं आली तरी अर्ध्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या दिसतात. रेड वुल्व्जनी पहिला सीझन एका शाळेच्या मैदानावर काढला आणि 2020 मध्ये स्वतःचं सीएचआय मेमोरियल स्टेडियम उघडलं, छोटं, सॉकरसाठीच, प्रेक्षक मैदानाच्या एकदम जवळ, थ्रो-इन घेणाऱ्या प्लेयरचं बोलणं ऐकू येईल इतके. मात्र ते चॅटनूगात नाहीये! ईस्ट रिजमध्ये आहे, जी वेगळी नगरपालिका आहे, शहराला चिकटून, हायवे उतरला की लगेच. निळे फॅन हे आवर्जून ऐकवतात, पण तिसऱ्या डिव्हिजनच्या क्लबने स्वतःचं स्टेडियम उभं करणं ही तिकडे दुर्मिळ गोष्ट आहे आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं.

आणि लाल लांडग्याचं नाव उगीच चिकटवलेलं आहे असं कुणी म्हणालं तर तेही खरं नाही. लाल लांडगा ही अमेरिकेच्या आग्नेय भागातलीच जात, आज जंगलात फक्त नॉर्थ कॅरोलायनाच्या पूर्व टोकाला उरलीये, तीही अगदी थोडी, आणि चॅटनूगाच्या रिफ्लेक्शन रायडिंग निसर्ग केंद्रात ती वाचवण्यासाठी हे लांडगे ठेवलेले आहेत. पोराबाळांना घेऊन जात असाल तर सकाळी लांडगे आणि संध्याकाळी मॅच, असा दिवस मस्त जाईल.

बरं, मग बघायचं कोणाला? गर्दीचा आवाज, गाणी, गावाचा इतिहास हवा असेल तर फिनली. जवळून चांगलं फुटबॉल बघायचं असेल, पार्किंगची कटकट नको असेल तर ईस्ट रिज. तिकीट काढताना जर्सीचा रंग आणि स्टेडियमचं नाव दोन्ही तपासा, फक्त "चॅटनूगा" वाचून पैसे भरू नका.

आणि शेवटी एक, जे निळ्या लोकांना बोचणार आहे. अमेरिकेत आजवर प्रमोशन-रेलिगेशन नाही, म्हणजे लीग जिंकलात तरी वर जाता येत नाही आणि तळाला राहिलात तरी खाली पडत नाही. मार्च 2025 मध्ये यूएसएलच्या क्लब मालकांनी मतदान करून ते आणायचं ठरवलंय. एमएलएस नेक्स्ट प्रो मध्ये तशी वाटच नाही. म्हणजे खेळाच्या जोरावर वर चढायची संधी ज्या फॅन्सनी वर्षानुवर्षं मागितली, ती उद्या त्यांच्या क्लबला न मिळता शेजारच्या, मालकाने आणलेल्या क्लबला मिळू शकते.