तंबोऱ्याची पारख (मिरज)

तंबोऱ्याची पारख : गायकाच्या पट्टीला (ज्या स्वराला षड्ज मानून तो गातो त्या स्वराला) आणि कानाला जुळणारा तंबोरा त्याचा भोपळा, लाकूड, दांडी व झंकार पाहून निवडण्याची रीत. सांगली जिल्ह्यातील मिरज हे तंबोरे आणि सतारी बनवणारे जुने गाव असल्याने ही पारख इथल्या कारागिरांच्या कामाच्या खोल्यांत आणि गवयांच्या बैठकींत घडत आली.

मिरजेत हा धंदा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सुरू झाला. त्याचा आरंभ फरीदसाहेब यांच्याकडे जातो. ते शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणाऱ्या घराण्यातले. तलवारींचे काम आटत गेले, आणि मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांकडे येणाऱ्या गवयांची वाद्ये दुरुस्त करता करता या मंडळींच्या हाती नवे कसब आले. पुढे काही घरांचे आडनावच ‘सतारमेकर’ झाले. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले. १९३७ मध्ये ते वारले, आणि ख्वाजा मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. तंबोरा सुरात मिळवण्याबद्दल ते अतिशय काटेकोर होते आणि वाद्यदुरुस्तीतही त्यांचा हात चालत असे. असे गिऱ्हाईक गावातच असल्यावर कारागिराला ढिसाळ काम परवडत नाही. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

तंबोरा घ्यायला गेलेल्या माणसाला जाणता कारागीर पहिला प्रश्न विचारतो तो पट्टीचा. हार्मोनियमच्या काळी एक ते पांढरी दोन या पट्ट्यांच्या आसपास गाणाऱ्या पुरुषाला साधारण पाच फुटी, सव्वा-दीड फूट रुंद भोपळ्याचा तंबोरा लागतो. काळी चार-पाचला गाणाऱ्या स्त्रीसाठी लहान. मोठे ते चांगले असा समज करून घेऊन काळी चारच्या गायिकेने मर्दानी तंबोरा नेला, तर तारा ताणून ताणून तुटतात आणि आवाज आवळलेला येतो. उलट लहान वाद्यावर खर्ज, म्हणजे सर्वांत खालचा षड्ज, उतरवला की तार लोंबते, खडखडते. म्हणून पट्टी ठरल्याशिवाय वाद्याला हात लावू नये.

इलेक्ट्रिक गिटारीत तारेचे कंपन पिकअप टिपतो आणि आवाज अ‍ॅम्प्लिफायरमधून येतो; त्यामुळे तिच्या लाकडाने सुरात किती फरक पडतो यावर वादकांचे वाद संपत नाहीत. तंबोऱ्यात या वादाला जागा नाही. तारेची थरथर घोडीतून, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीतून, तबलीत म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणात, आणि तबलीतून भोपळ्यातल्या हवेत जाते, आणि जो काही आवाज आहे तो तिथेच तयार होतो.

भोपळा येतो सोलापूर जिल्ह्यातून, मंगळवेढा-पंढरपूर भागातल्या भीमाकाठच्या शेतांतून. हा खाण्याचा भोपळा नव्हे. चवीला कडू, कवचाला जाड. भीमेला पूर आला की हे पीक बुडते आणि मिरजेतल्या कामाला त्याची झळ लागते. वाळलेला भोपळा कापण्याआधी पाण्यात भिजवतात, आतला गर आणि बिया खरवडून काढतात, तोंड आकसू नये म्हणून आत काटक्यांचा टेकू देऊन पुन्हा वाळवतात. निवडणाऱ्याने इथे वेळ द्यावा. बोटाच्या पेराने भोपळ्यावर चहूबाजूंनी टिचकी मारावी. सगळीकडून सारखा, कोरडा, किंचित घुमणारा आवाज आला पाहिजे. एखाद्या जागी ‘थप्’ असा बसका आवाज आला, तर तिथे कवच पातळ आहे, ओल राहिली आहे किंवा तडा बुजवलेला आहे असे समजावे. गडद पॉलिशखाली सांधलेली भेग डोळ्यांना दिसत नाही, पण उन्हात वाद्य तिरपे धरले की चकाकीची रेघ त्या जागी मोडते.

दांडी आणि तबलीसाठी मुख्यतः तून वापरतात; ते कर्नाटकातल्या जंगलांतून येते. तून वजनाला हलके, तांबूस, सरळ रेषांचे. सागवान आणि शिसवीही काही वाद्यांत दिसतात, पण ती जड पडतात. लाकूड कोणते यापेक्षा ते किती मुरले आहे हे मोलाचे. ओल्या लाकडाची दांडी वर्ष-दोन वर्षांत तारांच्या ओढीने पुढे झुकते. हे पाहण्यासाठी खुंट्यांकडच्या टोकाला डोळा लावून, बंदुकीचा नेम धरावा तशी दांडीची कड घोडीपर्यंत न्याहाळावी. दांडी आतून पोकळ असते, म्हणून तिच्यावरही टिचकी मारून पाहावे. भोपळा आणि दांडी जोडणाऱ्या गळ्याचा सांधा हा सर्वांत नाजूक भाग. तिथे नखाची कड अडकेल एवढी फट दिसली तरी ते वाद्य बाजूला ठेवावे. तबली घोडीखाली खचली आहे का, हे बाजूने पडणाऱ्या उजेडात कळते. खुंट्या फिरवताना घट्ट असाव्यात, पण झटका देऊन फिरू नयेत. घसरणाऱ्या खुंटीला खडू लावून काम भागते, चिरलेल्या खुंटीच्या भोकाला नाही.

आता जवारी, म्हणजे घोडीच्या पाठीला दिलेला तो घाट ज्याने तार झंकारते. घोडीची पाठ रुंद आणि अगदी थोडी उतरती असते. कंपणारी तार तिच्यावर सुटत-टेकत राहते आणि त्यातून उपस्वरांची, म्हणजे मूळ स्वरासोबत उमटणाऱ्या वरच्या स्वरांची, ती झिलई उमटते. तार जिथे छेडतो तिथे ज्या उपस्वराचा स्थिर (न हलणारा) बिंदू येतो, तो उपस्वर नेहमीच्या नियमाप्रमाणे ऐकू येऊ नये. तंबोऱ्यात तो ऐकू येतो, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० च्या दशकाच्या आरंभी दाखवून दिले. खर्जाच्या तारेत पाचवा उपस्वर म्हणून जो गंधार आपोआप बोलतो त्याला गवई स्वयंभू गंधार म्हणतात. चांगल्या वाद्यात तो शोधावा लागत नाही.

जवारी काढताना पाहणे हा या विषयातला खरा धडा आहे. कारागीर तारा सैल करतो, घोडी हाती घेतो, कानस तिच्या पाठीवरून दोनच वेळा फिरवतो, भुकटी अंगठ्याने पुसतो, घोडी जागेवर बसवतो, तार चढवतो, एकदा छेडतो आणि मान नकारार्थी हलवतो. पुन्हा तारा सैल. असे एका तारेसाठी दहा-दहा वेळा चालते. शेवटी तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती दोरा सरकवतात. तो तांदळाच्या दाण्याएवढा मागेपुढे झाला तरी तार मुकी होते किंवा पत्र्यासारखी वाजते. जवारी खुली (झगझगीत), गोल (मधली, भरीव) की बंद (दबलेली) हवी, हे गाणाऱ्याच्या गळ्यावर ठरते. मिरजेकडच्या गवयांना गोल जवारी प्रिय आहे, आणि माझ्या मते ख्यालगायनाला तीच शोभते. घोडीसाठी पूर्वी हस्तिदंत आणि सांबरशिंग वापरत. वन्यजीव कायद्याने ते बंद झाले. आता उंटाचे हाड, काळे कठीण लाकूड किंवा प्लास्टिक वापरतात.

तरीही निवड जवारीवर करू नये, असे माझे ठाम मत आहे. दुकानात ताजी जवारी काढलेला कोणताही तंबोरा भुरळ घालतो. ती झिजते आणि पुन्हा काढून घेता येते. भोपळा आणि दांडी मात्र सहज बदलता येत नाहीत. म्हणून कारागिराला सर्व दोरे काढायला सांगावे आणि फक्त खर्जाची पितळी तार छेडून तिची आस, म्हणजे नाद किती वेळ टिकतो ते, मोजावी. झिलई नसतानाही तार बराच वेळ बोलत राहिली, हळूहळू विरली, मध्येच गपकन थांबली नाही, तर ते वाद्य पोटातून चांगले आहे. मग दोरे घालून जोडाच्या, म्हणजे मधल्या, दोन्ही तारा षड्जात मिळवाव्यात, पहिली तार पंचमात, आणि दुसऱ्या कोणाला छेडायला सांगून आपण पाठ करून बसावे. मैफलीत तंबोरा मागूनच ऐकू येतो. तसाच एक षड्ज लावून पाहावा. आपला आवाज तारांत कुठे संपतो ते कळेनासे झाले, तर पैसे मोजायला हरकत नाही. पहिली तार मध्यमात उतरवून मालकंस रागासाठी आणि निषादात नेऊन पुरिया रागासाठीही तपासावी. काही वाद्ये पंचमात गोड वाजतात आणि निषादात कर्कश होतात.

भोपळ्यावरची पाने, फुले, दांडीच्या कडेची पांढरी नक्षी यांनी किंमत वाढते, आवाज नाही. साधे वाद्य घेऊन उरलेल्या पैशांत जोडीचा दुसरा तंबोरा घ्यावा. मात्र जोडी एकाच वेळी, एकाच कारागिराकडून, शेजारी ठेवून वाजवून घ्यावी. वर्षांनी आणलेला जोडीदार पहिल्याशी क्वचितच एकजीव होतो.

मिरजेच्या कोरड्या हवेत घेतलेला तंबोरा पाटण-कोयनेच्या पावसात नेला, की पहिल्या पावसाळ्यात खुंट्या फुगून जाम होतात आणि आवाज बसतो. त्या चार महिन्यांत तारा थोड्या उतरवून वाद्य गवसणीत, भिंतीपासून दूर ठेवावे. दिवाळीनंतर पुन्हा सुरात आणून पंधरा दिवस रोज वाजवावे आणि मगच जवारीसाठी मिरजेला न्यावे.