पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी रिट्रीव्हर पिल्लाचे प्रशिक्षण

बंदुकीने पाडलेला पक्षी शोधून, तोंडात अलगद धरून शिकाऱ्याच्या हातात आणून देणाऱ्या कुत्र्यांना रिट्रीव्हर म्हणतात. बदके आणि कलहंस पडतात ते पाण्यात, चिखलात नाहीतर पाणकणसाच्या दाट बेटात. तिथे माणसाचा पाय पोचत नाही आणि नजरही चालत नाही, म्हणून पाणपक्ष्यांच्या शिकारीत या कुत्र्याला मोठे महत्त्व आहे. पिल्लू सात-आठ आठवड्यांचे झाल्यापासून दीड-दोन वर्षांचे होईपर्यंत त्याला जे शिकवले जाते, त्याची ही नोंद आहे. ही विद्या मुख्यतः ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडात घडली.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की कुत्र्याला वस्तू आणायला शिकवतात. चांगल्या वंशाच्या पिल्लाला ते शिकवावे लागत नाही, ते त्याच्या रक्तातच असते. शिकवायचे असते ते थांबणे. डोळ्यांसमोर बार होतो, बदक धप्पकन पाण्यात पडते, अंगातला कण न् कण तिकडे धावतो आणि तरीही हुकूम मिळेपर्यंत जागचे हलायचे नाही. दोन वर्षांची सगळी मेहनत या एका गोष्टीभोवती फिरते.

जाती आणि इतिहास

पॉइंटर आणि सेटर ही शिकारी कुत्री पक्षी दाखवून देण्यासाठी, म्हणजे बार होण्याआधीच्या कामासाठी तयार झाली. एकोणिसाव्या शतकात मागून भरायच्या बंदुका आल्या, बार भराभर होऊ लागले आणि पडणाऱ्या पक्ष्यांची संख्या वाढली. मग बार झाल्यानंतरच्या कामासाठी वेगळ्या कुत्र्याची गरज भासली.

आज सर्वाधिक वापरात असलेला लॅब्रॅडोर हा मुळात न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांबरोबर राहणाऱ्या, जाळी आणि मासे ओढून आणणाऱ्या पाणकुत्र्यांचा वंशज. ब्रिटनमध्ये माम्सबरीचे अर्ल आणि बक्लूचे ड्यूक यांच्या घराण्यांनी ही जात जोपासली आणि १९०३ मध्ये तेथील केनेल क्लबने (कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेने) तिला मान्यता दिली. आतली लोकर आणि बाहेरचे राठ केस असे तिचे दुहेरी आवरण पाणी आत शिरू देत नाही, आणि पाणमांजरासारखी जाड शेपटी पोहताना सुकाणूचे काम करते. गोल्डन रिट्रीव्हरची सुरुवात स्कॉटलंडमध्ये १८६८ साली लॉर्ड ट्वीडमाउथ यांच्याकडे झालेल्या पिल्लांपासून मानतात. चेसापीक बे रिट्रीव्हर ही अमेरिकेची स्वतःची जात. १८०७ मध्ये मेरीलँडच्या किनाऱ्याजवळ बुडणाऱ्या जहाजातून वाचवलेली ‘सेलर’ आणि ‘कँटन’ ही दोन पिल्ले तिच्या मुळाशी आहेत. बर्फाळ पाण्यात ही कुत्री इतरांपेक्षा जास्त टिकतात. नोव्हा स्कोशिया डक टोलिंग रिट्रीव्हर काठावर खेळत-बागडत बदकांचे कुतूहल चाळवतो, त्यांना बंदुकीच्या टप्प्यात ओढतो आणि नंतर उचलूनही आणतो.

अमेरिकेत १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्यानंतर बाजारासाठी होणारी बेसुमार कत्तल थांबली. पाडलेला पक्षी शोधून ताब्यात घेण्याचा वाजवी प्रयत्न करणे हे तिथे शिकाऱ्यावर कायद्याने बंधनकारक आहे, म्हणून कुत्रा सोबत असणे ही केवळ हौस राहत नाही. १९३४ पासून तिथे बदकांच्या शिकारीसाठी दरवर्षी टपाल तिकिटासारखे एक चित्र-तिकीट विकत घ्यावे लागते आणि त्याचा पैसा पाणथळ जागा राखण्यासाठी वापरला जातो. १९५९ च्या तिकिटावर तोंडात मॅलार्ड (हिरव्या डोक्याचे बदक) धरलेला ‘किंग बक’ हा काळा लॅब्रॅडोर आहे. १९५२ आणि १९५३ अशी लागोपाठ दोन वर्षे त्याने राष्ट्रीय स्पर्धा जिंकली होती. रिट्रीव्हरमुळे शिकार वाया जात नाही, या अर्थाचे वाक्य त्या तिकिटावर छापले होते.

भारतात ब्रिटिश अमदानीत आणि संस्थानांत बदकांच्या मोठ्या शिकारी होत. भरतपूरच्या केवलादेव इथे १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले. ती पाटी आजही तिथे उभी आहे आणि वाचताना पोटात कालवते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हे सारे संपले. आपल्याकडे भिगवण किंवा नांदूर मधमेश्वरला येणाऱ्या चक्रवाकांकडे आणि थापट्यांकडे आता दुर्बिणीतूनच पाहायचे, आणि ते तसेच असावे. लॅब्रॅडोर मात्र इथे पोलिसांच्या श्वानपथकांत नावारूपाला आला. १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या काळात मुंबई पोलिसांच्या ‘झंजीर’ने स्फोटकांचे साठे शोधून दिले. बदक आणून देणाऱ्या कुत्र्यातली शोधून काढण्याची ओढच तिथे कामी येते.

पहिले सहा महिने

पिल्लू घरी आणतात ते साधारण सात-आठ आठवड्यांचे असताना. तिसऱ्या आठवड्यापासून सुमारे बाराव्या आठवड्यापर्यंत त्याचे मन सर्वांत उघडे असते. त्या काळात माणसे, मुले, गाडी, जिना, उंच गवत, डबके यांपैकी जे जे चांगल्या रीतीने भेटेल, त्याची पुढे भीती वाटत नाही.

पहिला धडा घरातल्या बोळात होतो. सगळी दारे बंद करायची, पिल्लाचे अंथरूण आपल्या पाठीमागे ठेवायचे आणि गाठ मारलेला मोजा समोर टाकायचा. पिल्लू धावत जाऊन तो उचलते आणि कमावलेली वस्तू घेऊन आपल्या अंथरुणाकडे निघते. वाटेत आपण बसलेलो असतो, त्यामुळे ते आपोआप आपल्याकडे येते. इथे नवशिके हमखास चुकतात. ते मोजा लगेच हिसकावून घेतात. मग पिल्लाच्या लेखी आपल्याकडे येणे म्हणजे वस्तू गमावणे असे ठरते आणि ते लांबूनच घिरट्या घालू लागते. मोजा तोंडातच राहू द्यावा, छाती-पाठ खाजवावी, आणि पकड आपण होऊन सैल झाली की घ्यावा. दोन-तीनदा टाकून थांबावे, पिल्लाला अजून हवे असतानाच.

चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान दुधाचे दात पडतात, हिरड्या ठणकतात. या दिवसांत टाकणे-आणणे जवळजवळ बंदच ठेवतात, कारण तोंडात धरण्याशी दुखणे एकदा जोडले गेले की ते सुटायला फार वेळ लागतो. ओढाओढीचा खेळही या कुत्र्याशी खेळत नाहीत. पक्षी चावून चेंदामेंदा करणारे ‘कडक तोंड’ हा रिट्रीव्हरचा मोठा दोष मानला जातो, आणि ब्रिटिश स्पर्धांमध्ये असा कुत्रा बादच होतो.

याच काळात बस, ये आणि पायाशी चाल हे तीन हुकूम रोज थोडे थोडे पक्के करतात. तोंडी हुकमाला शिटीची जोड दिली जाते. एक लांब फुंक म्हणजे असशील तिथे बसून माझ्याकडे बघ, आणि तुटक तुटक फुंका म्हणजे परत ये. वाऱ्यात माणसाचा आवाज विरतो आणि त्यातला वैतागही कुत्र्याला कळतो. शिटीत तसे काही उतरत नाही.

बंदुकीचा आवाज

बंदुकीला बुजलेला कुत्रा बहुधा माणसाच्या घाईमुळे बुजलेला असतो. पिल्लाला नेमबाजीच्या मैदानावर नेऊन एकदम आवाजाच्या तोंडी देण्यासारखी दुसरी चूक नाही. योग्य रीत अशी: मदतनीस शंभरेक मीटरवर उभा राहतो, बंपर (कॅनव्हासची किंवा प्लास्टिकची लांबट गुंडाळी) हवेत उडवतो आणि तो वर असतानाच छोट्या पिस्तुलातून कोरी, म्हणजे नुसता आवाज करणारी, गोळी झाडतो. पिल्लाचा सगळा जीव बंपरमध्ये असतो, आवाज कानावरून जातो. दिवसागणिक मदतनीस जवळ येतो. पिल्लाने कान पाडले किंवा शेपटी खाली घेतली की तो पुन्हा मागे सरकतो. काही आठवड्यांत बार म्हणजे काहीतरी पडणार, असे पिल्लाच्या डोक्यात बसते आणि बार ऐकून ते वर पाहू लागते.

पाण्याशी ओळख

पिल्लाला पाण्यात फेकू नये. उन्हाळ्यातला उथळ, उबदार काठ निवडावा, स्वतः पाण्यात उतरावे आणि त्याला मागे येऊ द्यावे. पाय जमिनीला लागतात तोवर खेळणे आणि मग एक-दोन हात पोहणे, अशी वाढ करावी. नवे पिल्लू पाण्यात जवळजवळ उभे राहते, पुढच्या पायांनी पाणी आपटते, स्वतःच उडवलेल्या तुषारांनी त्याला समोरचे दिसेनासे होते. तोंडात हलका बंपर दिला, की आणखी थोड्या पोहण्यानंतर मागचा भाग वर येतो, अंग सपाट होते आणि आपटणे थांबते.

दुसरी अडचण काठावर येते. पाण्यातून बाहेर पडताच कुत्रा आणलेली वस्तू खाली टाकतो आणि अंग झाडतो. बंपरच्या बाबतीत हे चालून जाईल. जखमी बदक मात्र तेवढ्या क्षणात पुन्हा पाण्यात सटकते. म्हणून सुरुवातीला शिकवणारा पाण्याच्या कडेलाच थांबतो आणि कुत्र्याने अंग झाडण्यापूर्वी वस्तू हातात घेतो. मग तो रोज एक-एक पाऊल मागे सरतो.

थांबणे, लक्षात ठेवणे, सांगितले तिकडे जाणे

सुरुवातीला पिल्लाला मुद्दाम सुटू देतात, कारण ओढ आधी पेटली पाहिजे. ती पेटल्यावर गळ्यात दोरी येते. बंपर पडतो, कुत्रा झेपावतो, दोरी धरते. तो शांत बसला की मगच त्याचे नाव घेऊन सोडतात. पडलेल्या बंपरांपैकी काही शिकवणारा स्वतः चालत जाऊन उचलतो आणि कुत्रा बसून पाहतो. पडलेली प्रत्येक वस्तू आपलीच नसते, हे कळायला दुसरी सोपी वाट नाही. वेळेचे भानही लागते: थांबणे फार लवकर लादले तर ओढ मरते, फार उशिरा शिकवले तर सवय हाताबाहेर जाते.

पडताना पाहिलेल्या पक्ष्याला ‘मार्क’ म्हणतात. त्याची जागा कुत्र्याने लक्षात ठेवायची असते. आधी एक, मग दोन. शेवटी पडलेला पक्षी आधी आणायचा आणि तोवर पहिल्याची जागा डोक्यात ठेवायची, ही लहान कुत्र्यासाठी मोठी कसोटी असते.

कुत्र्याने न पाहिलेल्या पक्ष्याला ‘ब्लाइंड’ म्हणतात, आणि या विद्येचे शिखर तेच. कुत्रा डाव्या बाजूला बसतो, शिकवणारा त्याच्या डोक्यावर हात सरळ धरून दिशा देतो आणि ‘बॅक’ म्हणून सोडतो. वाटेत तो भरकटला तर एक लांब शिटी. कुत्रा वळून बसतो, पाण्यात असेल तर जागीच पाय मारत तोंड इकडे करतो. हात सरळ वर गेला तर आणखी मागे, आडवा गेला तर त्या बाजूला. याचा सराव बेसबॉलच्या मैदानासारख्या मांडणीत करतात: कुत्रा मधोमध, त्याच्या डावी-उजवीकडे आणि पाठीमागे बंपर, समोर शिकवणारा. ब्लाइंडच्या सरावाला नारिंगी बंपर वापरतात. कुत्र्याला लाल आणि हिरवा हे रंग वेगळे दिसत नाहीत, त्यामुळे माणसाला लांबून ठळक दिसणारा नारिंगी बंपर कुत्र्याच्या डोळ्यांना गवतात मिसळून जातो. मार्कसाठी मात्र पांढरा किंवा काळा-पांढरा बंपर घेतात.

तोंडात धरलेले हुकमाशिवाय सोडायचे नाही, हे अमेरिकेत बहुतेक व्यावसायिक प्रशिक्षक दबाव वापरून शिकवतात. आधी ‘होल्ड’ (तोंडात धरून ठेव) हा हुकूम पक्का करतात आणि मग कान चिमटून किंवा पायाच्या बोटाला दोरी लावून वस्तू तोंडात घ्यायला लावतात. ब्रिटनच्या परंपरेत ही पद्धत नाही. कॅलिफोर्नियाचे प्रशिक्षक रेक्स कार यांच्यापासून अमेरिकेत रुळलेल्या, गळ्यात बांधून विजेचा झटका देणाऱ्या पट्ट्याबद्दलही असेच मतभेद आहेत, आणि वेल्समध्ये २०१० पासून त्यावर बंदी आहे. जाणत्या हातात ही साधने झपाट्याने परिणाम दाखवतात हे खरे. पण नवशिक्याच्या हातात ती पिल्लाचा विश्वासच मोडतात, आणि घरी एकच कुत्रा पाळणाऱ्याला बिनदुखापतीची, लांबची वाट केव्हाही बरी.

पक्षी, आमिष-बदके आणि लपण

बंपरवरून पक्ष्यावर येताना आधी बंपरला पंख बांधतात, मग गोठवलेले कबूतर आणि शेवटी बदक. लाकडी किंवा प्लास्टिकची आमिष-बदके आधी कोरड्या हिरवळीवर मांडून त्यांच्यामधून कुत्र्याला ये-जा करायला लावतात. नाहीतर पहिल्याच दिवशी तो नेमके प्लास्टिकचे बदक उचलतो आणि त्याच्या दोरीत पाय अडकवून घेतो. लपणात (शिकारी दडून बसतात त्या आडोशात), होडीत आणि पाण्यात रोवलेल्या चौथऱ्यावर बसण्याचाही घरीच सराव करतात. पंख मोडलेला कलहंस जोरात फटके मारतो, म्हणून पहिल्या हंगामात कोवळ्या कुत्र्याला त्याच्यावर सोडत नाहीत.

परीक्षा

अमेरिकन केनेल क्लबच्या शिकार चाचण्या १९८५ पासून ज्युनियर, सीनियर आणि मास्टर अशा तीन पायऱ्यांवर होतात. त्यांत कुत्री एकमेकांशी स्पर्धा करत नाहीत, प्रत्येकाला ठरलेल्या मापाने तपासले जाते. ज्युनियरमध्ये जमिनीवरचे दोन आणि पाण्यातले दोन साधे मार्क असतात. मैदानी स्पर्धा याहून जुन्या आणि फार कठीण. अमेरिकेतली पहिली १९३१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या चेस्टर इथे झाली.

प्रकृती

लॅब्रॅडोरमध्ये कंबरेच्या सांध्याचा दोष आढळतो, म्हणून सांधे पक्के होईपर्यंत लांब धावणे आणि उंच उड्या टाळतात. काही लॅब्रॅडोर जोरदार कामानंतर मागच्या पायांतून कोसळतात. त्यामागचे जनुक २००८ मध्ये सापडले आणि आता पिल्लू घेण्यापूर्वीच आई-बापांची तपासणी करता येते. निळ्या-हिरव्या शेवाळाचा थर आलेल्या तळ्यात कुत्र्याला उतरवू नये, ते विष काही तासांत जीव घेते.

पहिली शिकार

पहिल्या दिवशी मुरलेले शिकारी स्वतः बंदूक घेत नाहीत. बार सोबती काढतात, मालकाचे लक्ष फक्त कुत्र्यावर. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातल्या स्टटगार्टजवळ हिवाळ्यात पाण्याने भरलेल्या ओकच्या राईत अशी पहाट सुरू होते. चौथऱ्यावर अंगाला निओप्रीनचा कोट घातलेला दीड वर्षाचा काळा कुत्रा बसलेला असतो. शेंड्यांवरून मॅलार्डचा थवा वळतो, त्याची मान थव्याबरोबर फिरते, पुढचे पाय थरथरतात. बार होतो. मालक लगेच नाव घेत नाही, मनात पाच आकडे मोजतो. मग नाव. पाणी फाटते, आणि थोड्या वेळाने झाडांच्या खोडांमधून हिरवे डोके तोंडाबाहेर लोंबते असा कुत्रा परत येताना दिसतो. एक-दोन बदके झाली की त्याला टॉवेलने कोरडे पुसून गाडीत बसवतात, थवे येतच असले तरी.