तापाने अडवलेला ट्रान्सफॉर्मर

तांब्याचे वेटोळे नाही, लोखंडी गाभा नाही, चुंबकीय क्षेत्र तर नाहीच. पिझोइलेक्ट्रिक ट्रान्सफॉर्मर म्हणजे सिरॅमिकची एक पट्टी. एका टोकाला वीज दिली की ती कंप पावते आणि दुसऱ्या टोकाला त्याच कंपनाची पुन्हा वीज होते. हे रूप १९५० च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकमध्ये काम करणाऱ्या चार्ल्स रोझेन यांनी दिले. दाबाने वीज निर्माण होते हे झाक आणि पिएर क्युरी या भावांनी १८८० मध्येच दाखवले होते, पण त्यावर ट्रान्सफॉर्मर उभा राहायला आधी बेरियम टायटनेट आणि मग लेड झिर्कोनेट टायटनेट, म्हणजे पीझेडटी, ही सिरॅमिके हाताशी यावी लागली.

१९९० च्या दशकात या पट्टीला खरे काम मिळाले. लॅपटॉपच्या पडद्यामागचा बारीक कोल्ड कॅथोड दिवा पेटवायला हजार व्होल्टच्या आसपास दाब लागे आणि झाकणात जागा जेमतेम असे. तिथे ही चपटी पट्टी नेमकी बसली. पुढे एलईडी आले, तो दिवा गेला आणि त्याच्याबरोबर हे मोठे गिऱ्हाईकही गेले.

लॅपटॉपच्या दिव्याला काही वॉटच पुरत. त्यापुढे जायचे म्हटले की ताप आडवा येतो. सिरॅमिक तुटण्याच्या कितीतरी आधी ते तापते. म्हणूनच संशोधकांनी त्याच्या कंपनवेगाची मर्यादा तापमानावरून ठरवली: ज्या वेगाला तापमान २० अंश सेल्सियसने वाढते, तो कमाल वेग. ताप वाढला की ऱ्हास, म्हणजे उष्णता होऊन वाया जाणारी ऊर्जा, वाढतो आणि ऱ्हासाने ताप आणखी वाढतो. त्यातच अनुनादाची वारंवारता, म्हणजे जिला पट्टी सर्वांत जोरात कंप पावते ती, सरकते, म्हणून चालक सर्किटला तिच्या मागे धावावे लागते. तापमान फारच चढले, तर सिरॅमिकचे ध्रुवण, म्हणजे आतल्या विद्युतभारांची एकाच दिशेची मांडणी, ढासळते, आणि ते थंड झाल्यावर आपोआप परत येत नाही.

सुरुवातीची बरीच वर्षे उत्तर पदार्थातच शोधले गेले. मँगनीजसारखी मूलद्रव्ये मिसळून ‘हार्ड’ पीझेडटी केले, आतला ऱ्हास घटवला. हे काम मोलाचे होते, पण माझ्या मते त्यात उष्णता बाहेर काढण्याचा प्रश्न मागे पडला. पीझेडटीची उष्णतावाहकता एक-दोन वॉट प्रति मीटर-केल्विन इतकीच, तांब्याची चारशेच्या घरात. पट्टी जाड केली, तर आकारमान ज्या वेगाने वाढते त्या वेगाने पृष्ठभाग वाढत नाही, आणि उष्णता आतच कोंडते.

मग हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून हवेत सोडणारा धातूचा तुकडा, का चिकटवत नाहीत? कारण ही पट्टी सबंध थरथरत असते. तिला जड काही लावले की कंपन दबते आणि शक्ती घटते. स्थिर असतो तो फक्त निस्पंद बिंदू. तिथेच तिला टेकू देतात, शक्यतो तिथेच तारेचा डाग देतात. आणि या गोष्टीतले मला सर्वांत सुंदर वाटणारे वळण इथेच आहे: लांबीच्या दिशेने कंप पावणाऱ्या पट्टीत ज्या जागी हालचाल शून्य, त्याच जागी ताण सर्वाधिक. म्हणजे यांत्रिक ऱ्हासाची उष्णताही तिथेच सर्वांत जास्त. स्पर्श चालतो ती जागा आणि तापते ती जागा एकच.

उष्णता बाहेर वाहून नेण्याचे प्रयत्न याच आधारावर उभे आहेत. निस्पंद भागाला मऊ, उष्णतावाहक पॅड लावायचे आणि त्यामागे तांब्याचा पत्रा ठेवायचा. पॅड कंपन फारसे अडवत नाही, पण उष्णतेला वाट देते. दुसरा मार्ग एका जाड पट्टीऐवजी काही पातळ पट्ट्या समांतर जोडण्याचा. तेवढ्याच सिरॅमिकला जास्त पृष्ठभाग मिळतो, म्हणून तापमानाची तीच मर्यादा पाळूनही जास्त वॉट काढता येतात.