डोनर गाडी विकत घेण्याआधी

फोंड्याच्या आमच्या शेडवर नवीन गिऱ्हाईक येते ते बहुधा मोबाइलवरचा फोटो पुढे करतच. दोन सीटांची, बिनदरवाजाची, पुढची चाके बाहेर उघडी पडलेली लांब नाकाची गाडी. पाठोपाठ प्रश्न: चॅसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, केवढ्याला? भाव आम्ही सांगतो, पण आधी विचारतो, हिच्यात सामान कुठल्या गाडीचे घालणार? जी जुनी गाडी मोडून तिचे इंजिन, गिअरबॉक्स, एक्सल या चॅसिसवर चढवायचे, ती डोनर गाडी. इथे बरेच जण गप्प होतात. हे पत्रक त्यांच्यासाठी.

फोटोतल्या गाडीचे मूळ म्हणजे १९५७ सालची लोटस सेव्हन. ब्रिटनमध्ये तेव्हा तयार गाडीवर खरेदी कर लागे, सुट्या भागांच्या किटवर लागत नसे, म्हणून लोक ती घरी जोडून घेत. १९७३ मध्ये तिचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले. पुढे हौशी मंडळींनी जुन्या फोर्ड एस्कॉर्टचे इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा एक्सल काढून चौकोनी पाइपच्या घरगुती चॅसिसवर चढवायला सुरुवात केली. आपल्याकडे नव्वदच्या दशकात आलेली एस्कॉर्ट नावाने तीच, पण तिची ओढ पुढच्या चाकांना. तिचा इथे उपयोग नाही.

रस्त्यावर चालेल का?

नाही. हे आम्ही ॲडव्हान्स घेण्याआधी सांगतो, नंतर नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे मालकाला गाडीत असा बदल करता येत नाही, की ती कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणारच नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठणकावून सांगितले. नवीन चॅसिसची गाडी म्हणावी तर तिला नियम १२६ खाली मान्यताप्राप्त संस्थेची चाचणी पार करावी लागते. ती गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांसाठी आहे, पडवीत वेल्डिंग करणाऱ्यासाठी नाही. ब्रिटनमध्ये एकेका घरगुती गाडीची स्वतंत्र तपासणी करून पासिंग होते. आपल्याकडे ती सोय नाही, आणि 'ओळखीने करून देतो' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. जुन्या आरसीवर नवी गाडी चालवणे म्हणजे अपघात झाल्यावर विमा हातचा जाणे.

मग बांधायची कशाला? आमच्याकडे बांधून नेलेल्या गाड्या काजूच्या बागेतल्या वाटेवर चालतात, किंवा मालकाची परवानगी घेऊन बंदिस्त मैदानात, ट्रेलरवरून नेऊन. समुद्रकिनारा म्हणजे मोकळे मैदान नव्हे. तिथे कुठलीच गाडी घालायला बंदी आहे.

आम्ही ओम्नी का सांगतो

या आकाराच्या गाडीला इंजिन पुढे उभे, म्हणजे गाडीच्या लांबीत, आणि ओढ मागच्या चाकांना लागते. १९८४ ते २०१९ इतकी वर्षे बनलेल्या मारुती ओम्नीत ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन, त्याच्या मागे सरळ रेषेत गिअरबॉक्स, मग मागच्या चाकांकडे ताकद नेणारा प्रोपेलर शाफ्ट आणि अखंड मागचा एक्सल, सगळे हवे त्या क्रमाने मिळते. सामान कुठेही मिळते आणि कार्बुरेटरवाल्या जुन्या ओम्नीचे वायरिंग एका संध्याकाळी समजते. ताकद पस्तीसेक हॉर्सपॉवर, म्हणून हसू नका. गाडीला छप्पर, दारे, काचा नाहीत, आणि आपण बसतो जमिनीपासून वीतभर उंचीवर.

एक अडचण आहे. ओम्नीत चालक इंजिनावर बसतो, इथे इंजिनाच्या मागे. म्हणून गिअरच्या दांड्याची जोडणी पूर्ण नव्याने करावी लागते. ती आम्ही करून देतो.

मारुती ८०० स्वस्त पडते, पण तिचे इंजिन आडवे आणि ओढ पुढच्या चाकांना. ती वापरायची तर सगळा पुढचा भाग उचलून सीटच्या मागे न्यायचा. मग स्टिअरिंगचे टाय रॉड चॅसिसला पक्के जखडावे लागतात, नाहीतर मागची चाके आपल्या मनाने वळतील. पाण्याचे पाइप पुढच्या रेडिएटरपासून मागे इंजिनापर्यंत लांबतात आणि त्यात हवा अडकली की एप्रिलच्या उन्हात इंजिनाचे हेड गेलेच म्हणून समजा. पहिल्याच गाडीला हे नको. आणि कुणाकडे जिप्सी असेल तर कृपा करून ती मोडू नका.

चालू गाडीच घ्या

भंगारवाल्याकडून इंजिन, म्हापशाहून गिअरबॉक्स, कुणा मित्राकडून एक्सल असे गोळा करणे स्वस्त वाटते. खरा खर्च बारीकसारीक वस्तूंत असतो: ॲक्सिलरेटरच्या केबलची पट्टी, स्पीडोमीटरचा गिअर, इंजिनाचे माउंटिंग, विचित्र आट्यांचे चार बोल्ट. आख्खी गाडी असली की हे सगळे तिच्यासोबत येते. शिवाय ती चालवून पाहता येते. तिसऱ्यातून गिअर सुटतो का, मागचा एक्सल घुं-घुं करतो का, हे जमिनीवर पडलेला एक्सल सांगत नाही.

पत्रा गंजलेला असला तरी चालेल, तो टाकायचाच आहे. उलट कोलवा-कांदोळीकडच्या खाऱ्या वाऱ्याने पत्रा खाल्लेल्या गाड्या याच कामासाठी स्वस्तात मिळतात. मात्र ब्रेकच्या नळ्या आणि एक्सलची स्प्रिंगच्या पाट्यांवर बसायची जागा टॉर्च मारून पाहा.

आरसीवरचे चॅसिस आणि इंजिन नंबर स्वतः जुळवा, बँकेचा बोजा उतरला आहे का बघा, गाडी आपल्या नावावर करा. मोडल्यावर १४ दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्या. गिऱ्हाईक हेच विसरते, आणि मग वर्षांनी नोटीस येते.

मोडताना

एका बाजूचे काम पूर्ण सुटेपर्यंत दुसऱ्या बाजूला हात लावू नका. विसरलात की जाऊन बघता येते. प्रत्येक ठिकाणचे नट-बोल्ट वेगळ्या डब्यात घाला. श्रीखंडाचे रिकामे डबे उत्तम. वायरिंग कापू नका, प्रत्येक टोकाला खूण बांधून हार्नेस, म्हणजे वायरींचा सगळा जुडगा, अखंड काढा. खुणेला कागदी टेप वापरू नका. जूनमध्ये ती गळून पडते आणि हातात राहतात चाळीस अनोळखी वायरी. पत्र्याची चकती तारेने बांधा.

पेट्रोलची टाकी रिकामी झाली तरी तिच्यात वाफ असते. तिच्यावर वेल्डिंग कधीही नाही, पाणी भरूनसुद्धा नाही. आम्ही नवीच टाकी देतो.

प्रोपेलर शाफ्ट आखूड करावा लागतो, आणि तिथे आम्ही स्वतः एकदा तोंडावर आपटलो. पहिल्या गाडीचा शाफ्ट घाईत कापून जोडला. दोन टोकांचे योक (जोडाचे दुशिंगी तुकडे) एका पातळीत यायला हवे होते, ते बोटभर फिरले. साठच्या वेगाला आरशातले सगळे दुहेरी दिसू लागले. आठवडाभर आम्ही चाकांचे बॅलन्सिंग करत बसलो. आता कापण्याआधी नळीवर लांबीभर सरळ रेघ मारतो, त्या रेघेवरच जोडतो आणि बॅलन्सिंगला पाठवतो. हे काम घरी करू नका.

ब्रेकचे होज, कप, मास्टर सिलिंडर जुन्या गाडीचे वापरल्यास आम्ही गाडी शेडबाहेर सोडत नाही. गाडी हलकी आणि वजन मागे सरकलेले, म्हणजे पुढच्या-मागच्या ब्रेकचे प्रमाणही बदलते. ते आमच्यासमोर बसवून घ्यायचे.

चॅसिसचा पाइप पंचवीस मिलिमीटरचा, १६ गेजचा. घरच्या रॉडच्या वेल्डिंगने त्याला भोके पडतात, म्हणून सांधे आम्ही सीओटू वेल्डिंगवर मारून देतो. तुम्ही घासायचे आणि रंगवायचे. रंग पावसाआधी उरका.

गाडी पसंत केलीत तर सौदा पक्का करण्याआधी आरसीची झेरॉक्स आणि मागच्या एक्सलचे खालून काढलेले दोन फोटो घेऊन या. बघण्याचे पैसे घेत नाही. चवथीचे पाच दिवस शेड बंद असते.